देवरावजींचं कापलेलं वाक्य

“हे मी बोलत नाई, भाऊ,” देवरावजी म्हणाले आणि त्यांनी कागद उलटा ठेवला.

रेकॉर्डिंगचा तिसरा दिवस होता. वर्ध्यातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत एका मोबाइल गेमची मराठी कॉमेंट्री चालली होती. टीव्हीवर दिसते तसल्या कुस्तीचा गेम. दोरांची रिंग, मुखवटे, आरडाओरडा. देवरावजी आष्टीकडचे. गावोगावच्या कुस्त्यांच्या दंगलींत माइक धरण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं.

गेमच्या कॉमेंट्रीत समोर कुस्ती नसते. प्रत्येक वाक्य सुटं म्हणायचं, तेही तीनदा: साधं, जोरात आणि बेंबीच्या देठापासून. पुढे गेम प्रसंग बघून हवं ते वाजवतो. “कोणी पडलाच नाई तर ‘पडला’ काऊन म्हणू?” हे देवरावजींनी तीन दिवस विचारलं. मी तीन दिवस समजावलं. हेडफोनखाली कान ठणकत होते.

कागदावरचं वाक्य हरलेल्यासाठी होतं: ‘तू पैलवान नाहीस, घरी जा!’

“दंगलीत हरलेल्याचं नाव मी आधी घेतो,” ते म्हणाले. “त्याचं गाव सांगतो. मंग जितलेल्याचं. आपण हरलो हे त्याले माहीत राह्यते. आपण अजून काऊन सांगाव?”

मग त्यांनी स्वतःचं नेहमीचं वाक्य म्हटलं. “ऊठ गड्या, तू पैलवान नाई, तू वाघ हायेस!” माझ्या अंगावर काटा आला.

गेमच्या पुण्यातल्या प्रोड्यूसरना फोनवर ऐकवलं, त्यांच्या अंगावर तो आला नाही. “सर, मला अपमान हवाय. फॅन्सना तेच आवडतं. उद्या फाइल द्या, नाहीतर मी दुसरा स्टुडिओ बघतो.”

मी ते वाक्य ‘नाई’पाशी कापलं. जिंकणाऱ्यासाठी ‘पेढे घेऊन घरी जा’ असं एक वाक्य होतं, त्यातलं ‘घरी जा’ उचलून पुढे चिकटवलं. चार मिनिटांचं काम. सांधा मलाही ऐकू येईना. देवरावजींना कळवलं नाही. थकलो होतो, पण ती सबब झाली.

गेम आला. कुस्तीवर पॉडकास्ट करणाऱ्या नागपूरच्या दोघांनी ते वाक्य उचललं आणि दर भागाच्या सुरुवातीला वाजवू लागले. मग लोकांनी त्याची रिंगटोन केली.

महिनाभराने देवरावजी एसटीने आले. पाणी प्यायले.

“दंगलीत एक गडी पडला. मी म्हटलं, ऊठ गड्या. पुढचं पब्लिकच बोललं. घरी जा. तो गडी माह्याकडं पाहून राह्यलता.” त्यांनी खिशातून मोबाइल काढून ते वाक्य मला ऐकवलं. “आवाज माहाच हाये. पण मी असं कवा बोललो, आठवूनच नाई राह्यलं. डोकं चाललं का माहं, भाऊ?”

ते वाक्याबद्दल भांडायला आले असते तर मी सावरून घेतलं असतं. पण त्यांना स्वतःच्याच डोक्याची भीती वाटत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोन्ही फाइल उघडल्या, कुठे कापलं ते दाखवलं.

त्यांनी दोनदा ऐकलं. हेडफोन काढले. “म्हंजे डोकं शाबूत हाये माहं,” ते म्हणाले. चेहरा निवळला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचं काऊन बिघडलं, भाऊ?”

मी प्रोड्यूसरना फोन करून ते वाक्य काढायला सांगितलं. ते म्हणाले, “काढू? तेच तर हिट आहे! पार्ट टूसाठी अशी दहा पाठवा.” रेकॉर्डिंगचे सगळे हक्क कागदावर त्यांच्याकडे होते. त्या कागदावर देवरावजींची सही मीच घेतली होती. पॉडकास्टवाल्यांनी माझ्या विनंतीवरून एकदा मूळ वाक्य वाजवलं. खाली कॉमेंट आली, ‘जुनं “घरी जा”च भारी होतं.’

त्या प्रोड्यूसरचं काम मी सोडलं. देवरावजी अजून दंगलीत माइक धरतात, पण ‘ऊठ गड्या’ म्हणत नाहीत. हरलेल्याचं नाव-गाव सांगतात, माइक बंद करतात आणि मातीत उतरून त्याच्या कानाशी वाकतात. काय बोलतात ते त्यालाच कळतं. माझ्या धंद्यातल्या माणसाने सांगू नये, पण काही वाक्यं माइक बंद करूनच म्हणावीत.