उमाताईंची दुसरी बॅटरी

रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या उमाताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी यजमानांना, हरिहररावांना, फुप्फुसाचा आजार जडला. तेव्हापासून हरिहरराव खाटेवर, नाकाला नळी आणि बाजूला घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. मुलगा सलिल मुंबईला. उमाताईंना तासाभरापेक्षा जास्त घराबाहेर राहता येत नसे. रत्नागिरीला बहिणीकडेसुद्धा दोन वर्षांत जाणं झालं नव्हतं.

त्यांचं जग म्हणजे पडवीतला हॅम रेडिओ, दूरदूरच्या हौशी लोकांशी बोलायचा संच. परीक्षा देऊन परवाना काढलेला. रोज सकाळी नऊला हवेवर हौशी मंडळींचा गट जमे, कोणी चिपळूणहून, कोणी गोव्याहून. विजेवर लावला की रेडिओत अखंड गुणगुण येई, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी वेगळी बॅटरी घेतली होती आणि ती छपरावरच्या सोलर पॅनेलवर भरत. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी मात्र फक्त मशीनसाठी.

"कोणाशी बडबडत असतेस गो एवढी?" हरिहरराव आतून विचारत.

"माणसांशी," त्या म्हणत.

गेल्या मे महिन्यात वादळ आलं. पहाटे सहाला वीज गेली, गावातले मोबाइल बंद पडले, रस्त्यावर आंब्याची झाडं आडवी झाली. उमाताईंनी हिशोब मांडला. इन्व्हर्टर दहापर्यंत चालेल, घरातला छोटा सिलिंडर बारापर्यंत. पुढे काय?

नऊ वाजता त्यांनी रेडिओ लावला. बोलताना तो बॅटरी भराभर खातो, म्हणून ताकद शंभर वॅटवरून दहावर आणली. आवाज क्षीण झाला. बराच वेळ नुसती खरखर. मग चिपळूणची अपूर्वा, कॉलेजात शिकवणारी मुलगी, सापडली.

"ताई, तुटक येतंय. परत सांगा."

"पावस. सिलिंडर हवाय. रत्नागिरीत माझा भाचा निलेश, त्याचा नंबर घे."

नंबर त्यांनी एकेक आकडा करून तीनदा सांगितला. शेवटचे दोन आकडे तिला कळले की नाही, तेवढ्यात खरखर वाढली. अपूर्वाचा आवाज परत काही येईना. त्या दर पंधरा मिनिटांनी हाका मारत राहिल्या.

बाराला सिलिंडर संपला. आता पडवीतली बॅटरी रेडिओला ठेवावी की मशीनला द्यावी? मशीनला दिली तर जेमतेम तासभर, आणि निरोप पोचला का ते कळायची वाट बंद. हरिहररावांनी त्यांचा हात घट्ट धरला होता. उमाताईंनी तो सोडवला, पडवीत जाऊन रेडिओच्या वायरी काढल्या आणि बॅटरी आत ओढत आणून इन्व्हर्टरला जोडली. मशीन घरघरू लागलं.

एक वाजता तेही थांबलं. त्यांनी यजमानांना उशांना टेकवून बसवलं. ओठ निळसर पडू लागले होते. पदरानं वारा घालण्यापलीकडे हातात काही नव्हतं. त्या वेळी आपण रडलो नाही, फक्त दाराकडे बघत होतो, असं त्या नंतर सांगत.

दीडला निलेश आला. गाडी दोन किलोमीटर मागे सोडून, शेजारच्या रावजीला बरोबर घेऊन, दोघांनी सिलिंडर खांद्यावरून आणला होता.

"चिपळूणहून कोणा बाईंचा फोन आला, मावशी. दोन चुकीच्या नंबरांवर लावून मग मला लागला."

हरिहरराव वाचले. चौथ्या दिवशी वीज आली. उमाताई बॅटरी परत पडवीत नेऊ लागल्या, तर ते म्हणाले, "ती राहू दे इथंच. आता ती माझी."

"अहो, तिच्यामुळंच तर बोलता आलं मला."

"आणि तुझं बोलणं चालू असताना वीज गेली तर?"

सलिलनंही फोनवर तेच सांगितलं, "आई, रिस्क नको."

हरिहररावांच्या डोळ्यांतली भीती खरी होती. त्यामुळे उमाताईंना भांडताही येईना. महिनाभर त्या नऊ वाजले की स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत बसत.

मग त्यांनीच तोड काढली. दुपारी उन्हात बॅटरी पूर्ण भरली की वीस मिनिटं रेडिओ, तोही दहा वॅटवर. बॅटरी खाटेजवळच, तिथून पडवीपर्यंत लांब वायर ओढलेली. बॅटरीवर किती व्होल्ट उरले ते दाखवणारा छोटा मीटर बसवलाय आणि त्याचं तोंड खाटेकडे आहे.

"साडेबारा व्होल्टवर आला गो," आतून हाक येते.

"हो, एक मिनिट," त्या म्हणतात, आणि अपूर्वाला घाईघाईनं विचारतात, चिपळूणला आज बाजार भरलाय का, नदीला पाणी किती आहे.

दुसरी हाक आली की त्या बटण फिरवून रेडिओ बंद करतात.