संत्र्याच्या बाटलीमागचं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि तिला तर मी भाजीच्या भावापासून सगळं सांगत असतो.

जुन्या मासिकांतल्या थंड पेयांच्या जाहिराती जमवायचा मला नाद आहे. फोटोंच्या नव्हेत, हातानं काढलेल्या — बाटलीवरचे थेंब, कागदी नळी, गालाला खळी पडलेली मुलगी. लोक हसतात. हसू देत. पण नाद माणसाला कुठवर नेतो?

माझी वहिनी कागलची. लग्नाआधी तिची एकच गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली होती. तो अंक तिनं ट्रंकेत जपलेला. एकदा स्वतःहून आणून दिला. "भावजी, तुमच्या कामाचं काय हाय का बघा. पर जपून हां, माझी गोष्ट हाय त्यात."

होतं. संत्र्याच्या पेयाची पानभर जाहिरात — कित्येक वर्षं शोधत होतो ती. पान उलटलं. मागे वहिनीच्या गोष्टीचा शेवट, खाली तिचं माहेरचं नाव. मी तो वाचला, दोनदा वाचला — आणि पट्टी लावून ब्लेड फिरवलं. झेरॉक्सचं दुकान कोपऱ्यावरच होतं, पण तिकडे गेलो नाही. मग त्या शेवटावर खळ फासली आणि पान पुठ्ठ्यावर चिकटवलं. आता सोडवायला गेलं तर फाटतं.

ती अंक मागेल, या धास्तीत होतो. तेवढ्यात महापूर आला, पाणी आमच्या खालच्या खोल्यांत शिरलं. अंक वरच्या मजल्यावर होता — कोरडा. पाणी ओसरल्यावर गल्लीत भिजक्या सामानाचा ढीग लागला. त्यात मी तो माझ्या हातानं टाकला, चिखलात पायानं दाबला. कोल्हापुरात 'पुरात गेलं' म्हटल्यावर पुढं कोण विचारतं?

"जाऊ द्या भावजी," वहिनी म्हणाली, "माणसं वाचली न्हवं."

गेल्या रविवारी आमच्याकडे बसून ती नातीला तीच गोष्ट सांगत होती. शेवटाशी येऊन अडली. "काय केलता मी शेवट? आठवंनाच बघ." आठवता आठवता ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिथं ती जाहिरात आहे — काचेत. हो, मीच लावली आहे, हौसेनं.

"माझ्या अंकातबी असलीच बाटली व्हती की, भावजी."

"असेल," मी म्हणालो.

तो शेवट मला पाठ आहे. अंक माझ्याकडेच होता, 'मी वाचला होता' म्हणून तो सांगितला असता तर कुणाला संशयही आला नसता. नात थोडा वेळ थांबली, मग खेळायला निघून गेली.