अकरा वर्षांची काकडी

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईघरात तिला सगळे इस्त्रीताई म्हणत. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं तिच्या टेबलावरून पुढे जायचं. आठ तास उभ्याचं काम. सव्वीस वर्षं ती त्या वाफेत उभी होती आणि तिने कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणूनच त्या उन्हाळ्यात ती जे बोलली, त्याने तिचा नवरा पुरता हादरला.

तिला वेड होतं ते घरामागच्या जागेचं. पंधरा पावलं लांब, आठ पावलं रुंद. लग्नानंतर इथे आली तेव्हा तिथे विटांचे तुकडे आणि गंजके पत्रे होते. ते तिने एकटीने उपसले. दर उन्हाळ्यात ती तिथे भेंडी, टोमॅटो, मिरच्या, घेवडा लावायची, आणि नळाजवळच्या कोपऱ्यात काकडी. ही काकडी तिची स्वतःची. अकरा वर्षांपूर्वी बाजारातून आणलेल्या बियांतला एकच वेल कडक उन्हात तग धरून राहिला होता. त्याच्या काकड्या बोटभर लांब, फिकट हिरव्या, आणि कडू तर एकही नाही. त्यातली सगळ्यात देखणी काकडी तिने वेलावरच पिवळी होऊ दिली, तिचं बी काढलं, धुतलं, सावलीत सुकवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशी अकरा वर्षं.

नवरा नकाशांच्या कचेरीत होता. जमिनीचे, रस्त्यांचे, गटारांचे नकाशे काढण्यात त्याची हयात गेली. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, आरडाओरडा नाही. पण मागच्या दारातून तो बाहेर पडायचा तो फक्त वाळत घातलेला शर्ट काढायला. त्या हिवाळ्यात तो निवृत्त झाला आणि पंधराच दिवसांत घर त्याला खायला उठलं. एका सकाळी चहा पिता पिता त्याने जाहीर केलं, "या उन्हाळ्याची बाग आपण नीट आखायची."

"आखायची म्हणजे?"

"म्हणजे शास्त्रशुद्ध. तू आपली मनाला येईल तिथे खुपसत असतेस."

इस्त्रीताईच्या तळपायाची आग तेव्हाच मस्तकात गेली होती. पण कामाची वेळ झाली होती. ती डबा उचलून निघाली.

मग नऊ दिवस जेवायच्या टेबलावर मोठा कागद पसरलेला. दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवायची. नवऱ्याने टेपने जागा मोजली, पेन्सिलीने वाफे आखले, वेगवेगळ्या शायांनी रंगवले. भेंडी हिरवी, टोमॅटो लाल. शेजारच्या मास्तरांना बोलावून नकाशा दाखवला. मास्तर म्हणाले, "वा! बाग असावी तर अशी." बाग अजून कागदावरच होती.

तिने डोकावून पाहिलं. काकडी मागच्या भिंतीला लावलेली.

"अहो, त्या भिंतीवर दुपारभर ऊन आदळतं. तिथे काकडी भाजून निघेल."

"वीस फूट सरळ रेषा मिळते तिथे. वेलांना मांडव करता येतो."

"तुमच्या नकाशात भिंत आहे, पण भिंतीवरचं ऊन नाही."

तो हसला. मुलांच्या बोलण्याला हसावं तसा. "अगं, आधी माप. बाकीचं आपोआप होतं."

तिने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने मान डोलावली आणि पेन्सिलीला टोक काढलं.

त्या वर्षी तिच्या बियांच्या डबीत ओल शिरली होती. बुरशी लागलेलं बी निवडून टाकलं तेव्हा हाताशी अठरा दाणे उरले. तिने अठराच्या अठरा नळाजवळच्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी टोचले. सोळा उगवले. कामावर जायच्या आधी ती रोज तिथे उकिडवी बसायची, मुंग्या बघायची, पाण्याचा हात द्यायची. रोपांना चार चार पानं फुटली होती.

गुरुवारी ती साडेतीनला घरी आली. पाय सुजलेले, मानेला घामाचं मीठ. मागचं दार उघडलं तर सगळीकडे खुंट्या ठोकलेल्या आणि सुतळ्या ताणलेल्या. नळाच्या कोपऱ्यात माती चोपून सपाट केलेली, वर विटांचे दोन थर, त्यांवर फळी.

"रोपं कुठायत?" तिने विचारलं.

नवरा हात झटकत उभा राहिला. चेहरा खुललेला. "कुठली रोपं? इथे कसलंसं रान माजलं होतं, ते काढून टाकलं. बघ, नकाशाप्रमाणे इथे बाक आला. संध्याकाळी आपण दोघं बसायचं."

कचऱ्याच्या ढिगावर ती रोपं पडली होती. मुळं वर. सकाळपासूनच्या उन्हात पानांचा कागद झाला होता. तिने एक उचललं, ते बोटांत चुरलं.

"ती काकडी होती," ती म्हणाली.

"असं होय! मग परत लाव की. वेलच तर आहेत. बी पडलं असेल ना घरात."

आणि मग ती बोलली. तिचा आवाज कुंपणापलीकडे मास्तरांच्या ओट्यापर्यंत गेला.

"नाही पडलेलं! एक दाणा नाही पडलेला! अकरा वर्षं मी ते बी सांभाळलं. तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात तेव्हा मी ते सुकवत होते. अकरा वर्षं तुम्ही ती काकडी मीठ लावून खाल्लीत, आणि तिचं पान ओळखता येत नाही तुम्हाला? रान म्हणालात! विचारायला तोंड नव्हतं? मी कामावर होते, मेले नव्हते!"

"अगं, हळू... मी आपल्यासाठीच तर बाक..."

"बाक! आठ तास उभी राहून येते मी, आल्यावर चूल, मग पाणी, मग धुणं. कधी बसणार आहे मी तुमच्या बाकावर? आणि बसून काय बघू, उपटलेली रोपं?"

तिने फळी उचलली आणि भिरकावली. सुतळ्या तोडत ती टोमॅटोच्या नियोजित वाफ्यात जाऊन पडली. मास्तर ओट्यावरून गुपचूप आत गेले.

रात्रीचं जेवण तिने केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लेकीचा फोन आला. "आई, बाबांना काय कळतं त्यातलं, सोडून दे ना," ती म्हणाली. इस्त्रीताईने तिलाही झाडलं. "काही कळत नाही म्हणून सोडून द्यायचं, आणि आखायची वेळ आली की सगळं कळतं! हे कसं काय गं?" लेकीने फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्यासमोर चार नावं लिहिलेला कागद ठेवला. त्या बियांतलं थोडं थोडं ती दर वर्षी कुणाकुणाला द्यायची. "या चौघांकडे जायचं. स्वतः. आणि काय केलंत ते सांगून बी मागायचं. फोन करायचा नाही."

"मी? ती तुझी माणसं. मास्तर सोडले तर मला कुणी ओळखतही नाही."

"मग ओळख होईल."

तो गेला. पायात वहाणा घालताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं, पण ती भांडी घासत होती.

मास्तरांकडे काही मिळालं नाही. "आम्ही आपली सगळी खाल्ली हो," असं म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. बसथांब्याजवळच्या चष्मेवाल्याने कुंडीत लावली होती, ती केव्हाच सुकून गेलेली. हॉस्पिटलचा बॉयलरवाला घर सोडून दुसरीकडे राहायला गेला होता. त्याचा नवा पत्ता शोधण्यात नवऱ्याचे दोन दिवस गेले आणि तिथेही हात हलवतच परत यावं लागलं. दर वेळी तेच वाक्य बोलायचं: मी माझ्या बायकोची रोपं तण समजून उपटली. चष्मेवाला तर गिऱ्हाइकांसमोर खो खो हसला.

शेवटी राहिली हॉस्पिटलातली एक म्हातारी नर्स. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. नवरा तिथून परतला तेव्हा दिवस कलला होता. त्याने औषधाची एक रिकामी बाटली टेबलावर ठेवली. आत नऊ दाणे होते.

"दोन वर्षांपूर्वीचे आहेत म्हणाली," तो म्हणाला. खुर्चीवर बसला, पुन्हा उठला. "तिने विचारलं, तुम्ही तिचे कोण. मी सांगितलं. तर म्हणाली, मला वाटायचं ती एकटीच राहते."

इस्त्रीताई बाटली उजेडात धरून दाणे मोजत होती. "वाटणारच," ती म्हणाली.

त्याला वाटलं असावं की आता ती थोडी विरघळेल. ती विरघळली नाही. बी मिळालं म्हणून राग गेला असता तर तो बियांपुरताच राग ठरला असता. वाफेत, इस्त्री फिरवताना, तो तिला पुन्हा पुन्हा चढायचा. चौतीस वर्षांत त्याने त्या दारातून बाहेर बघितलं असतं, एकदा जरी!

नऊपैकी चार दाणे उगवले. एक गोगलगायीने खाल्ला. तीन वेल वर चढले, हंगाम उलटत आला असताना. बाकीच्या जागेत नवऱ्याने आपल्या नकाशाप्रमाणे भेंडी आणि टोमॅटो लावले. तिने त्यात हात घातला नाही. आणि लाज वाटावी इतकी झकास भेंडी आली! सरळ रेषेत, कोवळी, लुसलुशीत. तिला त्याचाही संताप आला. भेंडी चिरताना ती सुरी अशी आपटायची की नवरा बाहेरच्या खोलीत निघून जायचा.

पण पाणी आता तो घालत होता. पहिल्या दिवशी त्याने बादली घेऊन विचारलं, "काकडीला किती घालू?"

"मातीत बोट घालून बघा. ओली लागली तर नका घालू."

रोज सकाळी तो बोट घालून बघायचा. नखांत माती राहायची. ती हे पाहायची आणि डबा उचलून कामावर निघायची.

तीन वेलांना मिळून सहा काकड्या लागल्या. फिकट हिरव्या, बोटभर. नवरा वेलाजवळ वाकून म्हणाला, "एक तरी कापू या? नुसती चव?"

"नाही."

"सहांतली एक."

"या वर्षी कुणी खायची नाही. तुम्ही नाही, मी पण नाही."

सहाही काकड्या वेलावरच पिवळ्या झाल्या. तिने त्या कापल्या, गर दोन दिवस पाण्यात ठेवला, बी धुऊन ताटात पसरलं. दोनशेच्या वर दाणे निघाले. त्यांच्या तिने दहा पुड्या केल्या आणि त्यांतल्या नऊ, नऊ घरी स्वतः पोचवल्या. नर्सची पुडी सगळ्यात मोठी. प्रत्येकाला सांगितलं, खा हवी तेवढी, पण एक काकडी पिकू द्या आणि तिचं बी ठेवा. पुन्हा सगळं एकाच अंगणात ठेवायची तिची तयारी नव्हती.

दहावी पुडी घरात राहिली. नवऱ्याने विचारलं, "ही कुठे ठेवू?"

 तिने पुडी त्याच्या हातून घेतली, हॉस्पिटलच्या पिशवीत टाकली आणि धुलाईघरातल्या आपल्या कपाटात नेऊन कुलूप लावलं.