मास्तरीणबाईंची युक्ती

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळ्या सफाईवाल्या मास्तरीणबाई म्हणतात. शाळा चौथीपर्यंतच, पण वीस वर्षं त्यांनी कार्यालयांची स्वच्छतागृहं घासली. कुठला डाग कशानं निघतो, पगारी रजा कशी मागायची, सगळं तोंडपाठ. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरी मी त्यावरून नाक मुरडायचे, कामाच्या बाबतीत मात्र निमूट ऐकायचे.

त्यांची खास युक्ती होती. फरशीवर आधी ॲसिड, त्यावर ब्लीच, मग दहा मिनिटं थांबायचं. नव्या जागी कामाला लागल्यावर मीही तेच केलं. साहेबलोकांना वास येऊ नये म्हणून दार लावून घेतलं. दोन मिनिटांत घसा पेटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. रांगत बाहेर आले म्हणून वाचले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "ही दोन्ही एकत्र आली की विषारी वायू होतो. कोणी शिकवलं हे?"

जाऊबाई माझ्या उशाशीच उभ्या होत्या. "मी," म्हणाल्या. त्यांच्या कामाच्या इमारतीत स्वच्छतागृहाच्या खिडकीला कधी काचच नव्हती. वारा सगळं घेऊन जायचा, हे त्यांच्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

मग त्या बोटं मोजायला लागल्या. माझ्याखेरीज सतरा जणींना शिकवलं होतं. माझ्या नुसत्या शब्दावर आता कोणी विसंबायला नको, असं म्हणून त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून सगळं कागदावर लिहून घेतलं आणि मला तशीच टाकून निघाल्या. मला रागच आला, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी परतल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. सोळा जणी धडधाकट भेटल्या होत्या. सतरावी त्यांची जुनी मैत्रीण, खोकल्यापायी दोन वर्षं घरी बसलेली.

"तिची छातीच नाजूक, असं मीच सगळ्यांना सांगत फिरले गं," जाऊबाई म्हणाल्या. "दर आठवड्याला फळं नेत होते. तिच्या कामाच्या जागी खिडकीच नव्हती. आज सांगितलं तिला."

मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"तिनं उठून चपला घातल्या. म्हणाली, मी पुढे पाच जणींना शिकवलंय, चल. खाली दवाखान्याच्या पायरीवर दम खात बसलीय. निघते मी."