घडीत दडपलेली होडी

दादा गेल्याची खबर मला बोर्डीच्या बाजारात लागली. टोपलीतले बोंबील निम्मे तसेच राहिले होते. त्याला आता सव्वा महिना झाला. पण माझं रडू शोकसभेच्या दिवशी आटलं, ते आटलंच. तेव्हापासून नुसता संताप आहे.

दामूदादा, माझा थोरला भाऊ, डहाणूजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी त्यानं मुंबई बंदरातल्या जहाजांचं मोठं चित्र काढलं. जहाजं कसली, काळ्या-तांबड्या भिंतीच. ना खिडकी, ना शिडी. मी म्हटलं, "दादा, ही जहाजं की गोदामं?" तो हसला. "बाय, बापूस आपल्याला एकदा सुक्या मासळीबरोबर मुंबईला घेऊन गेलता. होडीतून वर बघितलंस तेव्हा काय दिसलं? भिंतच ना?" खरंच होतं. मान दुखेपर्यंत भिंत... चित्राच्या अगदी तळाशी त्यानं आमची चार बोटांची होडी काढली होती आणि तिच्यात सुकाणू धरून बसलेले बाबा. चित्रातल्या होडीचा निळा रंग आमच्या खऱ्या होडीला लावायच्या डब्यातला.

शाळेनं चित्र लावायला घेतलं, तेव्हा नवी चौकट कशाला म्हणून एका जुन्या फोटोची काढली. ती वीतभर तोकडी निघाली. सुतारानं चित्राचं कापड खालून मागे दुमडलं आणि खिळे ठोकले. दादा तिथंच उभा होता. नोकरी कायम झाली नव्हती, म्हणून गप्प राहिला. नंतरही गप्पच. शेवटच्या भेटीत मात्र माझा हात धरून म्हणाला, "बाय, बापसाला बाहेर काढायचं राहिलं गं..."

शाळेतल्या शोकसभेत प्रमुख पाहुण्यांनी त्याच चित्राकडे हात केला. "बघा, एवढ्या मोठ्या चित्रात एकही माणूस नाही! मास्तरांना माणसांचा वीट आला होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. वीट? दादाला? रस्त्यात दिसेल त्याची घरची चौकशी करता करता ज्याची बस चुकायची, त्याला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाजारात माझी हाक बसथांब्यापर्यंत जाते, पण तिथं सगळी शिकलेली माणसं, आणि मी चौथी शिकलेली. तरी उठले. "माणूस आहे. खाली. दुमडलाय."

"बसा बाई," अध्यक्ष म्हणाले, "तुमचं दुःख आम्ही समजू शकतो." मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी बसले. त्याचाच राग सगळ्यात जास्त आहे.

सगळे चहाला गेल्यावर मी चौकटीमागे हात घातला. घडी लागली. होडीचा रंग जाड असतो, बोटांना ओळखू येतो. बाबा तिथंच होते, भिंतीकडे तोंड करून.

कापड ताणायची दादाची पक्कड माझ्या खिडकीत आहे, तिनं खिळेही निघतात. सोमवारी शाळेवरूनच फेरी आहे. टोपलीत आधी पक्कड ठेवीन, वर बोंबील.