तलावातलं देऊळ अन् माही म्हैस

ओळखा पाहू, शेवटी किंमत कोणं मोजली? झिंगरूनं, दौलतमामानं, का गफूरभाईनं? लावा डोकं. आतापर्यंत कोणालेच जमलं नाही!

फुलसावंगीच्या मोटार-थांब्यावर गफूरभाईचं हाटेल होतं. आमी रिकामटेकडे तिथीच बसो. तिथी किस्से असे साचत, जसा कपाच्या बुडाशी चहाचा गाळ. कितीबी धुवा, जात नाही. पण झिंगरूचा किस्सा म्हणजे पुरी किटलीच!

झिंगरू आमच्याच गावचा. घरातून पळून मुंबईले गेलता, तिथून जहाजावर खलाशी झाला म्हणे. पाच वर्सानं परत आला, ते केस बारीक कापून. म्हणे, "वेस्ट इंडीजले जाऊन आलो, त्रिनिदाद बेटावर." वेस्ट इंडीज आमाले रेडिओतल्या क्रिकेटनं ठाऊक. पण थे केस पाहून मी म्हतलं, "बेट कायचं लेका, जेलातून सुटून आला हा!"

मजाकीत बोललो. पण गोष्ट दौलतमामाच्या कानी गेली. मामाच्या शांतीले झिंगरूनं मागणी घातलती. मामा म्हणे, "पाच वर्सं कुठी होता, हे पक्कं झाल्याबिगर पोट्टी देत नाही!"

झालं. चौकशीचं काम आपसूक माह्याकडे आलं. असं काम मी कधी सोडलं नाही.

*

झिंगरू सांगे, "तिथी आपल्या देशातून ऊस तोडाले नेलेल्या लोकायची नातवंडं राह्यतात. एका मजुराले देऊळ बांधाचं होतं. जागा कोणी देईना. मंग त्यानं समुद्रातच बांधलं! सायकलीवर गोटे नेले, ड्रमात सिमेंट-गोटे भरून पाण्यात उभे केले. जहाजावरचे आमी सारे पाह्याले गेलतो."

मी हळूच फासा टाकला. "त्या देवळापुढचा वड अजून हाये का गा?"

"समुद्रात वड कुठून येईन, भाऊ?"

गफूरभाई माह्या कानात म्हणे, "बच गया!"

मी म्हतलं, "बचला कायचा! पाठ करून आला हाये."

*

त्या देवळाच्या बाजूले म्हणे म्युझियमची खोली. काचेच्या पेटीत काय? जातं, पाटा-वरवंटा अन् पितळेचा लोटा! आज्या-पणज्यांनी जहाजातून नेलेला. "लोक रांग लावून पाह्यतात," झिंगरू म्हणे.

मी घरी येऊन बायकोले सांगतलं. थे म्हणे, "जातं पाह्याले रांग? मंग धाडा त्यायले आपल्या घरी पहाटे. पाह्यतीनबी, दळतीनबी!"

*

मंग झिंगरूनं पुरावा आणला. हाताएवढा शंख. "कानाले लावा, समुद्र ऐकू येते."

साऱ्यायनं लावला. मान डोलावली. मामाचाबी चेहरा जरा नरम झाला. मी गफूरभाईचा लोटा उचलला, कानाले लावला अन् वरडलो, "अरे बाप्पा! गफूरभाईबी त्रिनिदादले जाऊन आला!"

लोटा साऱ्यायच्या कानावरून फिरला. तोच आवाज! मामा उठून चालला गेला. झिंगरूनं शंख पिशवीत टाकला.

*

खरा घोळ पाण्यानं केला. मी इचारलं, "समुद्रात उभं राहून बांधकाम कसं केलं गा त्यानं?"

"पाणी मांगं सरकते ना भाऊ, तवा."

"कोण सरकवते?"

"कोणीच नाही. दिवसातून दोनदा आपलं जाते, अन् परत येते."

हाटेलात असा हासा उठला का बाहेरचे बैल बिचकले! पाणी काय सरकारी नोकर हाये, सकाळ-संध्याकाळ हजेरी लावाले?

तेवढ्यात यष्टीचा डायवर चहाले आला. रत्नागिरीकडचा माणूस, नवीनच बदलून आलता. म्हणाला, "अहो, खरं आहे ते. भरती-ओहोटी म्हणतात त्याला."

मामानं माह्याकडे पाह्यलं. मी मामाले बाजूले घेतलं. "मामा, दोघायचं आधीच ठरलेलं दिसते."

*

शेवटी मीच तोडगा काढला. "झिंगरू, पाह्यलं ना तू? मंग हातानं करून दाखव. आपल्या तलावात बांध! पोळ्यापर्यंत टिकलं तं मी सोता जाऊन घंटी वाजवतो."

मामा म्हणे, "अन् मी त्याच दिवशी सुपारी फोडतो. पडलं, तं माह्या दारात पाय ठेवाचा नाही!"

मले वाटलं, आता पळते हा. कायचा! थो वैशाखापर्यंत गुमान बसला. तलाव आटून मधात डबकं राह्यलं, तवा सडकेच्या कामावरचे डांबराचे रिकामे ड्रम मांगून आणले अन् सायकलीवर गोटे वाहू लागला.

मी वरडलो, "हे बेइमानी हाये! पाण्यात बांधाचं ठरलं होतं!"

"आपल्या इथी ओहोटी वर्सातून एकदाच येते, भाऊ," थो म्हणे. "आली हाये. करू द्या."

दुसऱ्या दिवशी पाह्यतो तं शांती पदर खोचून गोटे देऊन राह्यली! मामा काठावरून कडाडला, "तू काहून गेली वं तिथी?"

"मले राह्याचं हाये ना त्याच्यासंगं!" थे म्हणे. "पडलं तं तुमी हाकलसान त्याले. मंग मजबूत नको का?"

*

तलाव भरला. एक डाव पाणी इतकं चढलं का नुसता कळस दिसे, मंग ओट्याखाली उतरलं. मी रोज सकाळी काठावर जाऊन पाहो. पडलं का? नाही. आज तरी पडलं का? नाही!

पोळा उजाडला. देऊळ उभं. मामानं काठावरच्या आंब्याखाली सुपारी फोडली, पंगत मांडली. सारं गाव माह्याकडे पाहून राह्यलं. अन् मले पोहता येत नाही!

मंग मी म्हैस काढली. तिच्या पाठीवर बसून निंघालो. लोकायनं टाळ्या वाजवल्या. म्हैस देवळापाशी गेली, मी ओट्यावर उतरलो, घंटी वाजवली. मांगं वळून पाह्यतो तं म्हैस काठाकडे चालली!

"ए! थांब वं! ये इकडे!"

म्हैस कायले आयकते? गेली, काठावर चढली, अंग झटकलं.

पंगत बसली. पुरणाचा वास पाण्यावरून सिद्धा माह्या नाकात. मी हात हलवले, टावेल हलवला. नवरदेव उठला. मले वाटलं, येते पोट्टा पोहत. त्यानं तोंडापुढे दोन्ही हात धरले अन् आवाज देल्ला,

"भाऊ, ओहोटी आली का मंग या!"

अन् दौलतमामानं माह्या पानावरच्या साऱ्या पुरणपोळ्या उचलल्या अन् म्हशीले चारल्या. वरून तूप!