मेश्राम सरांनी खोडलेलं वाक्य

मेश्राम सर विद्यार्थ्यांना चेहऱ्यावरून कमी आणि बुटांवरून जास्त ओळखत. वाळवंटाच्या सहलीआधी ते सगळ्यांना वर्गातच बूट काढायला लावत आणि प्रत्येकाच्या टाचेवर ब्लेडने खूण कापत. कुणाला फुली, कुणाला रेघ. माझ्या टाचेला त्रिकोण होता. “सर, नवे आहेत हो,” असं कुणी म्हटलं की सर म्हणत, “काहून रडून राहिला बे? बूट फाटन, पण तू सापडशीन.”

सर रायपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. वडील रेल्वेत होते, मूळ घर भंडाऱ्याकडचं. एम.एस्सी.ला वाळवंटाची परिसंस्था हा पेपर त्यांच्याकडे होता. खिडकीबाहेर आठवडाभर पाऊस थांबलेला नसायचा आणि आत सर वाळूच्या ट्रेमधून भुंगेरा चालवत असायचे. भुंगेरा उचलून घेतला की मागे बारीक शिवण राहायची. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणत, “वाळवंटात जनावर दिसत नाही. ते येऊन गेलं, एवढंच दिसते.”

नोट्स हिंदीत असत. त्यांतलं एक वाक्य दरवर्षी तेच होतं : ‘रास्ता भूलें तो आदमी के पाँव के निशान पकड़ें.’ त्यावर कुणी शंका काढली नाही. आमच्याकडे धानाच्या बांधावरचं पाऊल कुणाच्या तरी घरीच जातं.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा सहल जैसलमेरच्या पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी महेश जेवायला परतला नाही. हा अभनपूरचा, पहिल्या वर्षाचा मुलगा. सकाळी सेवण गवताची झुडपं मोजायला एकटाच गेला होता. जवळ पाण्याची एक बाटली होती. सरांनी बाकीच्यांना तंबूपाशी बसवलं आणि मला बरोबर घेतलं. “माह्या पावलात पाऊल ठेव. वाळूवरची पापडी मोडू नको.”

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. महेशच्या टाचेला दोन रेघा होत्या. त्याची पावलं बराच वेळ सरळ गेली. मग त्यांच्या शेजारी आणखी एक ओळ आली. सर उकिडवे बसले, बोट लावून पाहिलं. दोन रेघा. पुढे तिसरी ओळ आली. तिलाही दोन रेघा. तीन माणसं शेजारी शेजारी चालत गेल्यासारखी दिसत होती आणि तिघंही महेश होते.

“गोल फिरला,” सर म्हणाले. “दुसऱ्या फेरीत पावलं दिसली, तं खूश झाला असन. आपल्याच मागं लागला.”

मग ते उभे राहून पुढे पाहत राहिले. पुन्हा निघाले तेव्हा त्यांची चाल बदलली होती. पावलं आखूड पडत होती आणि प्रत्येक पाऊल ते दाबून टाकत होते.

महेश एका खेजडीच्या झाडाखाली बसलेला सापडला. ओठ फुटले होते, बाटली कोरडी होती. पाणी पाजल्यावर तो म्हणाला, “सर, वो रुके ही नहीं. कितनी आवाज़ दी मैंने.”

“कौन?”

“जो आगे चल रहे थे.”

“कोई नहीं था,” सर म्हणाले. “अपने ही पाँव के पीछे घूम रहा था तू.”

कॉलेजात पोट्टे त्याला विचारायचे, “क्या महेश, आज किसके पीछे?” काही दिवस तोही हसला. मग त्याने कॉलेज सोडलं आणि रायपूरजवळ उरला गावातल्या एका रोलिंग मिलमध्ये लागला.

सरांनी सहली बंद केल्या. त्यानंतर स्कूटर काढून ते जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊ लागले. वही मागायची, ते वाक्य लाल शाईने खोडायचं, खाली सही करायची. सदर बाजारातला एक जण म्हणाला, “सर, मी तर आता साड्या विकून राहिलो.” सर म्हणाले, “तरीबी आण वही. धानातली अक्कल वाळूत नेली मी. पाऊल दिसलं म्हंजे पुढं घर असते, असं वाटलं.”

गेल्या हिवाळ्यात ते दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी बायकोला चहा आणायला पाठवलं.

“त्या दिवशी किती ओळी पायल्या तू?”

“तीन.”

“चार होत्या. चौथी महेशच्या पुढं होती. बुटाचीच, पण टाच कोरी. तिच्यावरच पाय देत गेलो मी. तू मागं होतीस, तुले दिसू नये म्हून.”

मी म्हटलं, कुणी मेंढपाळ असेल.

“मीबी तेच म्हणत होतो. पण ते ओळ त्या झाडापाशी संपली. पुढं वाळू साफ होती.” मग म्हणाले, “भेलो मी. अन् त्या पोट्ट्याले येडा ठरवलं. त्याले सांग.”

चार दिवसांनी सर गेले.

मी उरल्याला गेले. मिलची पाळी बदलत होती. महेश फाटकाबाहेर आला, भुवयांपर्यंत धुळीने काळा. सरांनी जे सांगितलं ते मी त्याला तसंच सांगितलं. त्याचा जीव हलका होईल असा माझा अंदाज होता. त्याने गमछ्याने तोंड पुसलं.

“पेड़ के आगे निशान नहीं थे, दीदी?”

“नाही.”

“दो घंटे बैठा था मैं उस पेड़ के नीचे,” तो म्हणाला. “उन दो घंटों की बात मैंने सर को भी नहीं बताई.”

तो थांबून माझ्याकडे पाहत राहिला. मी विचारावं, अशी त्याची इच्छा होती. मी विचारलं नाही.